स्वरयंत्राचा कर्करोग आणि शर्करासाखळ्या रचणारी विकरे

स्वरयंत्राच्या कर्करोगात पेशीपृष्ठावरील व पेशींबाहेरील आधारद्रव्यातील जटिल शर्करासाखळ्या रचणाऱ्या विकरांचे (एंझाइमांचे) प्रमाण आणि क्रियाशीलता बदलते. बोलण्यातील ‘घशाचा कॅन्सर’ या शब्दात ग्रसनी व टॉन्सिल यांचे कर्करोगही येतात. येथे मुख्यतः स्वरयंत्राचा शल्कपेशीय (आतील अस्तराच्या चपट्या पेशींपासून होणारा) कर्करोग अभिप्रेत आहे.

प्रथिनाचा क्रम जनुकात लिहिलेला असतो, शर्करासाखळीचा मात्र नसतो. कोणती विकरे, किती आणि कोणत्या क्रमाने भेटतात यावर साखळीचे रूप ठरत असल्याने विकरांतील थोडा फरकही तिच्यात उमटतो. काँड्रॉइटिन सल्फेट ही पेशींबाहेरील आधारद्रव्यातील एक लांब शर्करासाखळी; ती प्रथिनातील सेरीन या अमिनो आम्लावर सुरू होते. तेथे झायलोज, दोन गॅलॅक्टोज व ग्लुक्युरॉनिक आम्ल असा चार शर्करांचा दुवा जोडला जातो. पाचवी शर्करा एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामीन असल्यास काँड्रॉइटिन, एन-ॲसिटिलग्लुकोसामीन असल्यास हेपरान सल्फेट ही वेगळी साखळी तयार होते. काँड्रॉइटिन साखळी सुरू करण्याच्या व वाढवण्याच्या कामात मानवातील सहा जनुकांची विकरे सहभागी असतात, आणि वाढवणारी विकरे जोडीने काम करतात. त्यानंतर सल्फोट्रान्सफरेज (सल्फेट जोडणारी) विकरे एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामीनच्या चौथ्या किंवा सहाव्या कार्बनावर सल्फेट बसवतात. हे काम गॉल्जी पिंड या पेशीतील भागात चालते. हायलुरॉनिक आम्ल ही आधारद्रव्यातील शर्करासाखळी याला अपवाद होय: ते पेशीपटलापाशी तयार होते, त्याला प्रथिनाचा गाभा नसतो आणि सल्फेटही नसते.

स्वरयंत्राच्या बाबतीत हा तपशील महत्त्वाचा ठरतो, कारण त्याचा सांगाडाच कास्थीचा आहे आणि कास्थीतील ॲग्रेकन हे प्रथिन काँड्रॉइटिन साखळ्यांनी लगडलेले असते. थायरॉइड कास्थीच्या (स्वरयंत्राच्या पुढील मोठ्या कास्थीच्या) आतल्या थरात शिरलेली गाठ टी३, तर आरपार गेलेली टी४ए या अधिक पुढच्या अवस्थेत धरतात. ग्रीसमधील पात्रास येथील जीवरसायनशास्त्रज्ञांनी रोगग्रस्त स्वरयंत्रीय कास्थीत ॲग्रेकनच्या प्रमाणात व रचनेत लक्षणीय बदल नोंदवले आहेत. अशी निरीक्षणे वाचताना एक सावधगिरी हवी. गाठीच्या तुकड्यात कर्कपेशींबरोबर तंतुजनक पेशी व रक्तवाहिन्याही असतात आणि काँड्रॉइटिनचा बराचसा भाग त्या तंतुजनक पेशीच तयार करतात. म्हणून केवळ संदेशवाहक आरएनए (जनुकाचा संदेश वाहणारा रेणू) मोजून काढलेल्या निष्कर्षांपेक्षा विकराची क्रिया व साखळीची रचना या दोहोंचे मापन अधिक विश्वसनीय मानणे योग्य वाटते.

या बदलांमागील कारणाविषयी मतभेद आहेत. हाकोमोरी व कन्नागी या संशोधकांनी १९८३ मध्ये दोन मार्ग मांडले. पहिल्यात साखळी अपुरी राहते, दुसऱ्यात सामान्य पेशीत सहसा न आढळणारी रचना नव्याने निर्माण होते. टीएन प्रतिजन ही प्रथिनावर एकच शर्करा असलेली अपुरी रचना हे पहिल्याचे ठळक उदाहरण होय. कॉस्मॉक नावाचे साहाय्यक प्रथिन बिघडल्यास पुढची गॅलॅक्टोज जोडणारे विकर निकामी होते आणि साखळी पहिल्याच शर्करेवर थांबते. सायलिल लुईस एक्स ही पेशीपृष्ठावरील शर्करारचना बहुधा दुसऱ्या मार्गात गणले जाते. काही अभ्यासकांच्या मते विकर कमी-अधिक होण्याऐवजी गॉल्जी पिंडातून अंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतील पटलांच्या जाळ्यात) सरकते, आणि २०१० च्या सुमारास हे मत पुढे आले. हे मार्ग एकाच गाठीत एकत्र असणे शक्य आहे आणि त्यांना परस्परविरोधी समजण्याची गरज दिसत नाही.

शर्करासाखळ्यांवर भारतातही काम झाले आहे. नवी मुंबईत खारघर येथील ॲक्ट्रेक (टाटा स्मारक केंद्राची संशोधन शाखा) या संस्थेचा वारसा परळ येथे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या कर्करोग संशोधन केंद्राशी जोडलेला आहे. ॲक्ट्रेकमध्ये उंदराच्या बी१६ मेलॅनोमा पेशींवर बीटा १-६ शाखा (एका विशिष्ट जोडणीने फुटणारा फाटा) असलेल्या साखळ्यांचा आणि कर्कपेशींच्या फुप्फुसाकडील प्रसाराचा अभ्यास झाला. ही शाखा जीएनटी-५ हे विकर जोडते आणि ती ओळखण्यासाठी वापरले जाणारे लेक्टिन (शर्करेला चिकटणारे प्रथिन) घेवड्याच्या जातीतून, म्हणजे राजम्यातून, मिळते. मेलॅनोमा हा त्वचेतील रंगपेशींचा रोग असल्याने हे निष्कर्ष घशाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

विकर नसेल तर शर्कराही नाही, याचे एक उदाहरण वेगळ्या कर्करोगात दिसते. सीए १९-९ ही सायलिल लुईस ए शर्करेवर आधारलेली रक्तचाचणी स्वादुपिंडाच्या कर्करोगात वापरली जाते; ज्यांच्यात फ्युकोसिलट्रान्सफरेज-३ हे विकर निष्क्रिय असते अशा व्यक्तींत ती शर्करा तयारच होत नाही.