शेअर विक्रीची फाइल इम्पोर्ट झाली, पण खरेदीची तारीख रिकामी? आधी हे वाचा

मंडळी, इन्कम टॅक्स रिटर्नचा सीझन चालू झाला की आमच्या ऑफिसात एक तक्रार ठरलेली. ब्रोकरची फाइल सॉफ्टवेअरमधे टाकली, विक्री सगळी बरोबर आली, पण चार-पाच ओळींत खरेदीच्या तारखेचा रकाना रिकामा आहे, सॉफ्टवेअर लाल दाखवतंय आणि पुढे सरकत नाही. रत्नागिरीतला दुकानदार असो नाहीतर देवगडचा बागायतदार, प्रश्न तोच. म्हणून हे पत्रक. रिटर्न स्वतः भरत असाल तर वाचाच, आणि आमच्याकडे देत असाल तरी वाचा, कारण ज्या कागदावर ती तारीख आहे तो आमच्याकडे नाही, तुमच्या कपाटात आहे.

आधी एक समजून घ्या की यात सॉफ्टवेअरचा दोष बहुतेक वेळा नसतो. ब्रोकरला फक्त त्याच्याकडून जे घेतलंत तेवढंच माहीत. शेअर दुसऱ्या डीमॅटमधून आला, वडिलांच्या नावावरून आला, बोनसमधे (कंपनीने फुकट दिलेला) मिळाला, आयपीओत (कंपनीच्या पहिल्या विक्रीत) लागला, कंपनी फुटली किंवा दुसरीत मिसळली, की ब्रोकरला विक्री दिसते पण खरेदी दिसत नाही. मग तो रकाना रिकामा सोडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे शेअर खात्यात जमा झाल्याची तारीख खरेदीची म्हणून देतो. रिकामा रकाना निदान दिसतो तरी, चुकीची तारीख दिसत नाही, त्यामुळे लाल नसलेल्या ओळीही एकदा नजरेखालून घाला.

दुर्लक्ष केलं तर काय होतं ते एलआयसीच्या उदाहरणावरून बघा. मे २०२२ मधे आयपीओ आला तेव्हा आपल्याकडे कित्येक पॉलिसीवाल्यांनी त्याच्यासाठीच डीमॅट उघडलं. १५ शेअरचा लॉट, पॉलिसीधारकांना सवलत धरून ८८९ चा भाव, म्हणजे १३,३३५ रुपये. पुढे ते खातं बंद करून शेअर स्वतःच्याच दुसऱ्या ॲपवर नेले आणि समजा आता ९५० ला विकले, तर आले १४,२५० आणि खरा नफा ९१५, तोही लॉंग टर्म, म्हणजे वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरचा. पण नव्या ॲपकडे ना तारीख ना किंमत. काही सॉफ्टवेअर अशा ओळीला खरेदी शून्य आणि शॉर्ट टर्म धरून मोकळी होतात, म्हणजे पूर्ण १४,२५० नफा आणि त्यावर २० टक्क्यांनी २,८५० रुपये टॅक्स! बरोबर तारीख टाकली तर, लॉंग टर्मचा वर्षाचा सगळा नफा मिळून सव्वा लाखाच्या आत असेल तर, या ९१५ वर काहीच नाही. आणि हो, आयपीओत तारीख अलॉटमेंटची, म्हणजे शेअर वाटून दिल्याची धरायची, एलआयसीची १२ मे २०२२, लिस्टिंगची म्हणजे बाजारात खरेदी-विक्री सुरू झाल्याची १७ मे नाही.

तारीख नक्की कशासाठी लागते

लिस्टेड, म्हणजे बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या शेअरच्या बाबतीत दोनच गोष्टी ठरवायच्या असतात. एक, विकताना १२ महिन्यांपेक्षा जास्त झाले होते का. झाले असतील तर लॉंग टर्म, सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के, नसतील तर शॉर्ट टर्म आणि २० टक्के. दोन, खरेदी ३१ जानेवारी २०१८ पर्यंतची की नंतरची. तोपर्यंतची असेल तर ३१ जानेवारी २०१८ चा बाजारातला सर्वात वरचा भाव बघतात, तो आणि विक्रीचा भाव यातला कमी तो घेतात, आणि तो तुमच्या मूळ खरेदीपेक्षा जास्त असेल तर खरेदी किंमत म्हणून तोच धरतात. रिटर्नच्या ११२ए शेड्यूलमधे (लॉंग टर्म शेअरच्या तक्त्यात) तर खरेदीचा नेमका दिवस विचारतच नाहीत, फक्त ३१ जानेवारी २०१८ पर्यंतची की नंतरची एवढंच विचारतात. म्हणजे दिवस आठवत नसला पण या दोन्ही प्रश्नांची उत्तरं कागदावरून पक्की देता येत असतील तर घाबरायचं कारण नाही, काम होतं. खरेदी किंमत मात्र लागतेच.

पण म्हणून १/१/२०००, १/४/२०१० अशा तारखा ठोकून देऊ नका. "लॉंग टर्म तर आहेच, टाकली जुनी तारीख, काय बिघडतं" असं बरेच जण म्हणतात. बिघडतं असं की जुनी तारीख बघून सॉफ्टवेअर आपोआप २०१८ चा भाव लावतं, आणि २०२१ ला घेतलेल्या शेअरला ती सवलत लागूच नाही. टॅक्स कमी दिसतो, तुम्ही खूश, आणि नोटीस आली की कागद दाखवायला काही नाही. आम्ही अंदाजाची तारीख टाकून रिटर्न भरत नाही, कृपया आग्रह करू नका.

शेअर कसा आला ते सांगा, तारीख निघते

स्वतःच्याच एका डीमॅटमधून दुसऱ्यात नेला असेल तर मूळ खरेदीची तारीखच चालते, ट्रान्स्फरची नाही. जुन्या ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची पावती, ईमेलमधे शोधा. तारीख नोटवरची घ्यायची, डीमॅटला शेअर जमा झाल्याची नाही, दोन्हीत एखादा दिवस आणि मधे शनिवार-रविवार आला तर त्याहून जास्त फरक पडतो आणि बरोब्बर वर्षाच्या काठावर विकलेलं असेल तर तेवढ्यावरून टॅक्सचा दर बदलतो.

वडिलांचे किंवा आईचे शेअर नावावर झाले असतील तर त्यांनी घेतल्याची तारीख आणि त्यांचीच किंमत. ही आपल्याकडची सगळ्यात जास्त येणारी केस, चाकरमानी म्हणून मुंबईला असताना बाबांनी दोन-चार कंपन्यांचे कागदी शेअर घेऊन ठेवलेले असतात आणि घरच्यांना पत्ता नसतो. स्टेटमेंटमधे दिसते ती नावावर झाल्याची तारीख, ती टाकली तर वीस वर्षं जुना शेअर सहा महिन्यांचा होतो. कागदी सर्टिफिकेटची झेरॉक्स असेल तर मागची बाजू बघा, बाजारातून घेतलेला असेल तर कोणाच्या नावावर कधी ट्रान्स्फर झाला ते तिथे शिक्क्यासकट लिहिलेलं असतं. पुढच्याच बाजूची झेरॉक्स आणली तर परत फेरी पडेल. वडील २०१८ च्या आधी गेले की नंतर तेही सांगा. कोणी नातेवाइकाने बक्षीस म्हणून दिले असतील तरी हाच नियम.

बोनसची खरेदी किंमत शून्य आणि तारीख अलॉटमेंटची, मूळ शेअरची नाही, हे पुष्कळांना पटत नाही पण आहे हे असंच. स्प्लिटमधे, म्हणजे एका शेअरचे अनेक तुकडे केले तर, मात्र तारीख मूळचीच राहते, किंमत फक्त तुकड्यांत वाटली जाते.

कंपनी फुटली तर तारीख मूळ कंपनीचीच, किंमत विभागायची. रिलायन्समधून २०२३ मधे जिओ फायनान्शियल निघाली तेव्हा मूळ खरेदीच्या ४.६८ टक्के जिओकडे गेले, म्हणजे रिलायन्स २,००० ला घेतला असेल तर जिओची खरेदी ९३ रुपये ६० पैसे. आणि रिलायन्सची किंमत तेवढीच कमी करायची हे विसरू नका, सॉफ्टवेअर ते स्वतःहून करेलच असं नाही. मर्जरचंही तसंच, १ जुलै २०२३ ला एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत मिसळली आणि लिमिटेडच्या २५ शेअरचे बँकेचे ४२ झाले, तिथे तारीख एचडीएफसी लिमिटेडचा शेअर घेतल्याची.

फाइल एक्सेलमधे उघडून सेव्ह करू नका

तारीख होती आणि इम्पोर्ट करताना गेली असंही होतं. कम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०८/२०२४ हे एक्सेलला ५ ऑगस्ट नाही तर ८ मे वाटतं, आणि १७/०८/२०२४ ला सतरावा महिना कुठून आणायचा म्हणून ते त्याला नुसता मजकूर समजतं. ओळखायचं कसं, तर रकाना रुंद करा. खरी तारीख उजव्या बाजूला चिकटते, मजकूर डाव्या बाजूला. एकाच रकान्यात अर्ध्या तारखा डावीकडे अर्ध्या उजवीकडे दिसल्या की समजायचं फाइल बिघडली, आणि उजवीकडच्या त्यातल्या जास्त धोक्याच्या कारण त्यांचा महिना-दिवस उलटा झालेला असतो आणि लाल काही दिसत नाही. अशी फाइल दुरुस्त करत बसू नका, ब्रोकरकडून परत डाउनलोड करा आणि न उघडता तशीच आम्हाला पाठवा.

हप्त्याहप्त्याने घेतलेल्या शेअरमधले थोडेच विकले असतील तर कुठले विकले हे आपल्या मनावर नसतं, डीमॅटला आधी आले ते आधी गेले असं धरायचं, आणि प्रत्येक डीमॅटचा हिशोब वेगळा. महाग पडलेला लॉट निवडून दाखवता येत नाही.

एआयएस (इन्कम टॅक्स खात्याकडे असलेली तुमच्या व्यवहारांची यादी) बघितलं असेल तर तिथलीही खरेदी किंमत शेवटची समजू नका, ती आपल्या कागदाशी ताडून घ्यायची.

येताना काय आणायचं

विकलेल्या शेअरची ब्रोकरची मूळ फाइल, सगळ्या डीमॅट खात्यांचे नंबर (डीमॅट सांभाळणाऱ्या संस्था दोन, नंबर १६ आकडी असेल तर सीडीएसएल, आयएन ने सुरू होत असेल तर एनएसडीएल), बंद केलेल्या खात्याचा सुद्धा, आणि ईमेलला येणारं डीमॅटचं एकत्रित स्टेटमेंट. जुन्या ब्रोकरचं ॲप डिलीट केलं असलं तरी स्टेटमेंट मागता येतं, पण उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून ती मागणी आजच करा. सर्टिफिकेट किंवा कॉन्ट्रॅक्ट नोटा ओल लागून चिकटल्या असतील तर ओढून सोडवू नका, आहेत तशा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणा. शेवटच्या आठवड्यात आलात तर रिटर्न भरून देऊ, पण तारखा शोधून देणं तेव्हा जमणार नाही.