काळ्या पाषाणाच्या चिरांमधलं पाणी

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातल्या एखाद्या जुन्या विहिरीत डोकावून पाहा. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या आणि सगळ्यांत खाली घणाला दाद न देणारा काळा पाषाण. मध्येच कुठेतरी विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. पाझर असतो तो बहुतेकदा मुरमाच्या तळाशी, नाहीतर पाषाणाला गेलेल्या एखाद्या चिरेत. युरोपला निघालेले द्राक्षांचे कंटेनर, पिंपळगाव बसवंतचा बाजार, पेठ-सुरगाण्याहून छाटणीला येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या, पॅक हाऊस, शीतगृहं, खोकी बनवणारे कारखाने हा सारा व्यवहार बऱ्याच अंशी या चिरांवर चालतो. म्हणूनच नाशिकच्या शेतीच्या अर्थकारणाबद्दल बोलायचं तर मला आधी खडकाबद्दल बोलावंसं वाटतं.

हा खडक म्हणजे बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि दख्खनचं पठार घडलं. प्रत्येक थर थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे वर सरकले, त्यामुळे थराचा माथा जाळीदार झाला. मधला भाग सावकाश निवला, घट्ट झाला आणि आकसताना तडकला. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला तिथे माथ्यावर माती तयार झाली, तिच्यावर पुढचा तप्त थर येऊन पसरला. विहिरीत दिसणारा विटकरी पट्टा तो हाच. पाणी साठायला जागा म्हणाल तर जाळीदार माथा आणि तडकलेला भाग, एवढीच. त्यातही गंमत अशी की अनेक ठिकाणी बुडबुड्यांच्या पोकळ्या नंतर झिओलाइट या खनिजाच्या स्फटिकांनी भरून गेल्या. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आपण ज्या स्फटिकांपुढे थक्क होऊन उभे राहतो, त्यांनी पाण्याचीच जागा अडवलेली असते.

आता थोडा हिशेब. झिजलेल्या बेसाल्टमधून उपसता येणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या जेमतेम २ टक्के धरतात. १ हेक्टर जमिनीखाली पाण्याची पातळी १ मीटरने वाढली, तर भिजला १०,००० घनमीटर खडक आणि हाती आलं फक्त २०० घनमीटर, म्हणजे २ लाख लिटर पाणी. उन्हाळ्यात बागेला रोज ४ मिलीमीटर पाणी लागतं असं धरलं तर १ हेक्टरला दिवसाला ४०,००० लिटर झाले. मोठ्या मुश्किलीने वाढवलेली ती १ मीटर पातळी पाच दिवसांत संपली! विहिरीत आडवं बोअर मारून लांबची चीर गाठता येते, पण ती चीर शेजाऱ्याच्याही विहिरीला पाणी देत असते. बेसाल्टमध्ये एकट्याची विहीर अशी नसतेच, सगळा शिवार मिळून एकच साठा असतो.

तो भरतो कसा? नाशिक जिल्ह्याचा पाऊस अतिशय विषम आहे. ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात तिथे इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या वर कोसळतो, आणि डोंगराच्या पावसाच्छायेतल्या येवला-चांदवडकडे ५०० ते ६०० मिलीमीटरवर भागवावं लागतं. बेसाल्टच्या मुलखात पडलेल्या पावसातला साधारण ७ ते १३ टक्के भूजलाला मिळतो, असं भूजलाच्या सरकारी अंदाजात धरलं जातं. बाकीचा वाहून जातो, नाहीतर बाष्प होऊन उडतो. त्यातून हवा तापते आहे. हवेचं तापमान १ अंशाने वाढलं की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. पडायची वेळ आली की पाऊस धो धो पडतो आणि मधले कोरडे दिवस लांबतात. मुरमाची पाणी पिण्याची गती मात्र तीच राहते. चार दिवसांच्या झिमझिम पावसात जे जमिनीत मुरलं असतं, ते दोन तासांत ओढ्याला लागतं. वर्षाची सरासरी कागदावर तेवढीच दिसते आणि जानेवारीत विहीर तळ दाखवते.

द्राक्षाला अवेळी पावसाचा फटका तर थेट बसतो. नव्या काड्यांसाठी एप्रिलची खरड छाटणी आणि घडांसाठी ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी, या दोन टोकांवर बागेचं वर्ष बांधलेलं असतं. गोडी छाटणीनंतर कोवळ्या घडांवर पाऊस आला की डाऊनी हा रोग पसरतो आणि फवारण्यांचा खर्च वाढतो. मणी भरल्यावर आला तर आतल्या साखरेमुळे पाणी सालीतून ओढलं जातं आणि मणी तडकतात. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाडसह जिल्ह्याच्या अनेक भागांत गारपीट झाली तेव्हा उभ्या बागा काही मिनिटांत झोडपून निघाल्या. गारेवर विहीर हा इलाज नव्हे, त्यासाठी प्लास्टिकचं आच्छादन आहे आणि ते महाग आहे. पण एप्रिल-मेमध्ये, पुढच्या वर्षीचे घड काडीच्या डोळ्यांत घडत असताना पाणी तुटलं, तर पुढचं पीक आताच मार खातं. तिथे विहीरच तारते.

ओझरची गोष्ट मला इथे सांगायची आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचा कालवा कागदोपत्री ओझरपर्यंत येत होता, पाणी मात्र शेवटच्या टोकापर्यंत पोचत नव्हतं. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या माध्यमातून शेतकऱ्यांना एकत्र केलं, आणि १९९०च्या सुमारास कालव्याच्या शेवटच्या टोकाला तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी पाणी मोजून घ्यायला सुरुवात केली. कोणतं पीक किती एकर, या हिशेबाऐवजी इतके घनमीटर घेतले, त्याचे इतके पैसे. ही गोष्ट साधी वाटेल, पण तिने वागणं बदललं. एकराचे पैसे भरले की जास्त पाणी घेण्यात तोटा नसतो. घनमीटरचे भरायला लागले की ठिबक परवडायला लागतं.

दुसरी गोष्ट मला विज्ञानाच्या दृष्टीने त्याहून मोलाची वाटते. त्यांनी बाणगंगा आणि भोवतालच्या नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत पाणी अडवून ते विहिरींकडे मुरवलं. धरणाचं उघडं पाणी आणि खडकातलं झाकलेलं पाणी यांचा एकच ताळेबंद त्यांनी मांडला. कालवा ठरावीक पाळ्यांनाच वाहतो, द्राक्षाला ठिबकने थोडं थोडं पण सारखं पाणी लागतं. मधला दुवा विहीर झाली. पुढे वाघाड प्रकल्पाच्या सगळ्या लाभक्षेत्रात मिळून अशा २४ संस्था झाल्या, आणि २००५ मध्ये राज्याने सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला. या मातीला हे अगदी नवं नव्हतं. बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर बंधारा घालून पाटकऱ्याच्या देखरेखीखाली सगळ्यांना पाणी वाटून देणारी फड पद्धत कित्येक पिढ्या चालत आली होती.

याच्या नेमकी उलटी वाट शेततळ्यांच्या बाबतीत काही ठिकाणी धरली गेली. ओढ्याचं जास्तीचं पाणी साठवलं तर शेततळं उत्तम. पण प्लास्टिकचा कागद अंथरून, विहिरीतून किंवा बोअरमधून उपसलेल्या पाण्यानं ते भरलं तर आपण सामायिक साठा आपल्या नावावर करून उन्हात ठेवतो. आपल्याकडे उघड्या पाण्याचा वर्षाला दीड मीटरहून जास्त थर बाष्प होऊन जातो. तळं ३ मीटर खोल असेल तर ती निम्मी उंची झाली. खडकातल्या पाण्याला हे नुकसान जवळजवळ नाहीच. ज्याचं तळं भरलं त्याची बाग त्या वर्षी वाचते, हे मी नाकारत नाही. त्यासाठी शेजारच्या चार विहिरी लवकर आटतात, हेही मोजलं पाहिजे.

विहिरीचा आणखी एक उपयोग कडाक्याच्या थंडीत दिसतो. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पार खाली उतरतो तेव्हा बागाईतदार पहाटे शेकोट्या पेटवतात आणि ठिबक सुरू करतात. खोल भूजलाचं तापमान त्या भागाच्या वार्षिक सरासरीजवळ, पंचविशीच्या आसपास राहतं. पाणी उष्णता भरपूर धरतं आणि हळूहळू सोडतं, म्हणून ओली जमीन वेलीखालची हवा थोडी उबदार ठेवते. एखाद-दुसऱ्या अंशाचाच फरक पडतो, पण थंडीने मणी तडकण्याच्या उंबरठ्यावर तेवढाही पुरतो.

हा साठा जिथून भरतो त्या जागांची राखण म्हणजे पर्यावरण संरक्षण, एवढं सरळ गणित आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर फोडणाऱ्या उत्खननाविरुद्ध नाशिककरांनी २०२१ मध्ये आवाज उठवला, तो डोंगराच्या देखणेपणापुरता नव्हता. जाळीदार थर आणि माती उकरून टाकली की पाझराचं तोंडच मोडतं. खाली शहरात रामकुंड परिसरात नदीच्या तळाशी काँक्रीट ओतलं गेलं, तेव्हा कुंडांच्या झऱ्यांचा श्वास कोंडला. ते काढण्यासाठी नागरिकांना न्यायालयात जावं लागलं. आणखी खाली गोदावरी-कादवाच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. गाळ साठत जाऊन तिथे पाणथळ तयार झाली आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ठरली. हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावरून पक्षी पाहताना सहसा कुणाच्या मनात येत नाही की पुराचं पाणी पसरू देणारी, त्याचा वेग मोडणारी जागाही हीच आहे.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्ते, घाट, पूल यांची कामं होणार आणि ती व्हायलाही हवीत. प्रत्येक कामाच्या आराखड्यावर एक रेघ अशीही असावी, की इथून पाणी मुरतं, इथे काँक्रीट नको. ती रेघ कुठे ओढायची हे सांगण्याची साधनं आपल्याकडे आहेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पावसाळा सरल्यावरचं ऑक्टोबरचं मोजमाप हाती येतं ते नेमकं गोडी छाटणीच्या दिवसांत. त्या महिन्यात गावाच्या पारावर द्राक्षाच्या भावाची चर्चा चालते, तशीच या आकड्याची चालायला हवी: यंदा खडकात किती पाणी आहे, आणि त्यावर किती एकर बाग पोसता येईल.