मालाचा नियम एक, शिवाराचे नियम वेगळे

युरोपीय संघाच्या चार कायद्यांवर २१ ऑक्टोबर २००९ ही एकच तारीख आहे. त्यातला पहिला पीकसंरक्षक औषधे बाजारात आणण्याविषयीचा, दुसरा ती जपून वापरण्याविषयीचा, तिसरा फवारणी यंत्रांच्या बांधणीविषयीचा आणि चौथा ऊर्जेच्या खर्चाशी संबंध असलेल्या वस्तूंच्या पर्यावरणपूरक रचनेविषयीचा. जुन्नर-नारायणगावच्या द्राक्ष बागाईतदाराला पहिल्याची झळ लागते आणि भोसरी-चाकणच्या मोटार-पंपाच्या कारखानदाराला चौथ्याची. दोघे एकाच पुणे जिल्ह्यातले असले, तरी एकाची अडचण दुसऱ्याच्या सहसा कानावर येत नाही. वास्तविक दोघांच्याही अडचणीचे मूळ एकच आहे: देशादेशांतली जकात उठल्यावर माल कोणाच्या नियमाने विकायचा, या युरोपातल्या जुन्या वादात ते सापडते.

१९५७ च्या रोम कराराने सामाईक बाजारपेठेचा पाया घातला आणि १९६८ पर्यंत सदस्य देशांमधली जकात संपली. पण जकात गेली तरी प्रत्येक देशाची मानके शिल्लक होती, आणि परका माल अडवायला ती जकातीइतकीच उपयोगी पडत. १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयापुढे फ्रान्समधल्या एका फळाच्या मद्याचे प्रकरण आले. त्यात मद्यार्क कमी आहे, एवढ्याच कारणावरून जर्मनीने त्याच्या विक्रीला मनाई केली होती. एका सदस्य देशात कायदेशीरपणे तयार होऊन विकला जाणारा माल दुसऱ्या देशाने सबळ कारणाशिवाय अडवू नये, हे तत्त्व या निकालातून रूढ झाले. पुढे १९८५ मध्ये नवी पद्धत ठरली. कायद्याने सुरक्षिततेच्या मूलभूत अटी तेवढ्या सांगायच्या, तांत्रिक तपशील मानक संस्थांवर सोपवायचा आणि अटी पाळणाऱ्या वस्तूवर ‘सीई’ हे चिन्ह उमटवायचे, अशी ती पद्धत होती. १ जानेवारी १९९३ रोजी एकसंध बाजारपेठ अस्तित्वात आली, तेव्हा यंत्रांपुरता हा मार्ग बराचसा मोकळा झाला होता.

यंत्रांना तो मानवलाही. विजेची मोटार म्युनिकमध्ये जशी चालते तशीच चाकणमध्ये चालते. तिची कार्यक्षमता मोजण्याची रीत आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने आखून दिलेली आहे. त्यामुळे १६ जून २०११ पासून युरोपात ‘आयई-२’ हा किमान कार्यक्षमता वर्ग बंधनकारक झाला आणि २०१५ पासून मोठ्या मोटारींसाठी तो ‘आयई-३’ कडे सरकू लागला, तेव्हा इथल्या कारखान्यांपुढचे काम खर्चाचे असले तरी समजण्याजोगे होते: वाइंडिंगमध्ये, म्हणजे तारेच्या गुंडाळीत, तांबे वाढवायचे, गाभ्याच्या स्टॅम्पिंगचा पत्रा चांगल्या प्रतीचा घ्यायचा आणि चाचणी अहवाल जोडायचा. अलीकडच्या नियमांनी मात्र वस्तूच्या गुणाबरोबर तिची जन्मकथाही मागायला सुरुवात केली आहे. २०२३ च्या बॅटरी नियमावलीत विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी डिजिटल पासपोर्ट, म्हणजे बॅटरीच्या माहितीची संगणकीय नोंद, आहे आणि सीमेवरच्या कार्बन समायोजनात, म्हणजे आयात मालाच्या उत्सर्जनावरच्या आकारात, लोखंड-पोलाद तयार होताना किती उत्सर्जन झाले याचा हिशेब आहे.

पीकसंरक्षक औषधांना यंत्रांचा मार्ग लागू पडणे शक्यच नव्हते. फिनलंडमधली माती, हवामान आणि किडी स्पेनमध्ये नाहीत, आणि आरोग्य हे तर माल अडवण्याचे सर्वांत सबळ कारण. म्हणून इथे सामाईक नियम चाचपडत आले. १९७६ मध्ये फळे-भाज्यांवर उरणाऱ्या औषधाच्या अंशांच्या, म्हणजे अवशेषांच्या, मर्यादा प्रथम ठरल्या, पण त्याहून जास्त अवशेष आपल्या बाजारात चालवून घेण्याची मुभा देशांना होती. १९९१ च्या निर्देशाने कामाची विभागणी केली: औषधातल्या मूळ रसायनाला मंजुरी संघाने द्यायची आणि त्यापासून बनवलेल्या विक्रीच्या औषधाला त्या त्या देशाने. त्यानुसार बाजारात असलेल्या सुमारे १,००० रसायनांची फेरतपासणी सुरू झाली. २००९ मध्ये ती संपली तेव्हा जेमतेम २५० टिकली होती. गळालेल्यांपैकी बहुतेक रसायने घातक ठरल्याने गेली असे आपल्याकडे समजले जाते, ते बरोबर नाही. त्यांतल्या मोठ्या भागाची कागदपत्रे कंपन्यांनी एकतर दिलीच नाहीत, अपुरी दिली किंवा मागे घेतली. विक्री थोडी असलेल्या औषधासाठी महागड्या चाचण्या करण्यात त्यांना रस नव्हता.

१४ जून २०११ पासून लागू झालेल्या २००९ च्या नियमावलीने संघाचे उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन विभाग पाडले. एका देशाने औषधाचे मूल्यमापन करायचे आणि त्याच विभागातल्या इतरांनी ते मानायचे, अशी ही व्यवस्था आहे. फवारणीची परवानगी अशी विभागवार राहिली, पण अन्नातल्या अवशेषांची मर्यादा १ सप्टेंबर २००८ पासूनच सर्व सदस्य देशांसाठी एक झाली होती. ज्या रसायन-पिकाच्या जोडीसाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तिथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हा आकडा धरला जातो. याचा अर्थ १०० टन द्राक्षांत एक ग्रॅम. एवढ्या द्राक्षांनी निर्यातीचे सहा-सात कंटेनर भरतील.

भारतातला कायदा निराळ्या कारणातून जन्मला. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेल्या पिठामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली. विषाचा आणि धान्याचा माल जहाजातून एकत्र आला होता. त्यानंतरच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्याचा भर माणसे व जनावरे वाचवण्यावर आणि नोंदणीवर आहे, आणि नोंदणी पीकनिहाय होते, ज्याला बागाईतदार ‘लेबल क्लेम’ म्हणतात. परदेशातल्या ग्राहकाच्या ताटाचा विचार या चौकटीत मुळात नव्हता. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या करारांनी शास्त्रीय आधार असल्यास ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या मर्यादांपेक्षा कडक मर्यादा ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि युरोपची वेगळी यादी रीतसर ठरली.

या दोन चौकटींमधले अंतर पुण्याने द्राक्षांत अनुभवले. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अवशेष मर्यादेबाहेर सापडले. त्यातून मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळेच्या आधाराने अवशेष तपासणीचा आराखडा उभा राहिला आणि २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही नोंदप्रणाली आली, ज्यात पेटीपासून थेट बागेच्या तुकड्यापर्यंत माग काढता येतो. एवढी तयारी असूनही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडने घात केला. बागाईतदारांच्या बोलीतले हे ‘सीसीसी’. शेंड्याची वाढ रोखून काडीत घड निर्माण व्हावेत म्हणून छाटणीनंतर मारायचे हे इथे मान्य असलेले वाढरोधक, आणि तपासणीच्या यादीत तोवर नसलेले. फवारणीनंतर कित्येक महिने वेलीच्या लाकडात राहून ते मण्यांत उतरले, आणि युरोपच्या बंदरांत माल अडकला.

‘दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेलं औषध मारलं, मग आमचं चुकलं कुठं?’ हा प्रश्न त्या हंगामात बागाबागांतून ऐकू येत असे, आणि कायद्याच्या भाषेत त्याला सरळ उत्तर नव्हते. हेच रसायन युरोपातले शेतकरी गहू लोळू नये म्हणून वापरत होते आणि तिथल्या गव्हासाठीची मर्यादा द्राक्षांच्या ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा कितीतरी पट सैल होती. मर्यादा नुसत्या विषारीपणावरून ठरत नाही. त्या पिकावर ते औषध तिथे रीतसर वापरले जाते का, आणि वापरल्यावर किती उरते, यावरही ती ठरते. द्राक्षावर ते तिथे वापरले जात नव्हते, म्हणून मर्यादा तळाला होती.

मालाला एक नियम आणि शिवाराला वेगळा, ही विभागणी आता युरोपच स्वतः पुसट करू लागला आहे. क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या कीटकनाशकांच्या अवशेषांच्या मर्यादा २०२३ च्या एका नियमाने तळाला नेल्या. त्यासाठी दिलेले कारण खाणाऱ्याच्या आरोग्याचे नाही. मधमाश्यांचा नाश सीमेपलीकडच्या शेतातही होऊ नये, हे कारण आयात मालाच्या मर्यादेसाठी तिथे प्रथमच पुढे आले. नव्या मर्यादा लागू करण्यासाठी तारीख ठरली ती ७ मार्च २०२६, म्हणजे आपल्याकडे द्राक्षांची तोडणी ऐन भरात असतानाची.