खारा वारा आणि जुना पत्रा

१९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीज राजवटीखाली असल्यामुळे येथील मोटारींचा इतिहास शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा वेगळा आहे. १९५०च्या दशकात भारत सरकारने परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध घातले आणि जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनी भारतातील आपली जुळणी बंद केली. याच काळात लोहखनिजाच्या निर्यातीमुळे हाती पैसा खेळू लागलेल्या गोव्यात मात्र जर्मन आणि ब्रिटिश बनावटीच्या गाड्या येत राहिल्या. मुक्तीनंतर त्यांत ॲम्बेसिडर, पद्मिनी, जीप, बुलेट, जावा आणि येझदी यांची भर पडली. यांतील काही गाड्या आज हौशी संग्राहकांनी जपल्या आहेत आणि नुवें येथे अशा गाड्यांचे संग्रहालयही आहे. परंतु पडवीत किंवा नारळीच्या बागेतील शेडमध्ये गंजत उभ्या असलेल्या गाड्या अजूनही कमी नाहीत. अशी गाडी दुरुस्त करायला घेणाऱ्याने सर्वप्रथम तिच्या पत्र्यात मुरलेले मीठ बाहेर काढले पाहिजे, आणि नेमके हेच काम बहुतेक वेळा वगळले जाते, असे माझे मत आहे.

मीठ इतके महत्त्वाचे का, हे समजण्यासाठी गंज कसा चढतो हे पाहावे लागेल. लोखंडावर पाण्याचा पातळ थर बसला की त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म विद्युत्घट तयार होतात. एका ठिकाणी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात. त्या जागेला ॲनोड म्हणतात. ते इलेक्ट्रॉन धातूमधून वाहत जवळच्या दुसऱ्या जागी, म्हणजे कॅथोडपाशी पोहोचतात आणि तेथे हवेतील ऑक्सिजन व पाणी यांच्याशी त्यांचा संयोग होतो. विरघळलेल्या लोखंडाचे पुढे ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइड बनते, तोच तांबूस गंज. शुद्ध पाणी विजेचे मंद वाहक असल्याने त्यात ही क्रिया सावकाश चालते. पाण्यात मीठ मिसळले की वहन वाढते, आणि मिठातील क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक ऑक्साइडचा अतिशय पातळ थरही भेदते.

क्लोराइडचा खरा उपद्रव याच्या पुढे सुरू होतो. पत्र्यावर एखादा बारीक खड्डा पडला की त्यात लोखंड आणि क्लोराइड यांचे संयुग तयार होते, पाण्याशी त्याची क्रिया होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल निर्माण होते, ते आम्ल आणखी लोखंड विरघळवते आणि क्लोराइड पुन्हा मोकळे होते. लोखंड खर्च होत जाते. क्लोराइड खर्च होत नाही. त्यामुळे गंजाच्या तळाशी अडकलेले थोडेसे मीठसुद्धा वर्षानुवर्षे काम करत राहते, मग वर कितीही महागडा रंग चढवलेला असो.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार असतात. त्यांतील मोठे तुषार किनाऱ्याजवळच खाली बसतात, म्हणून कांदोळी किंवा बाणावली येथील गाडी आणि वाळपई किंवा सांगे येथील गाडी यांच्यावर जमणाऱ्या मिठात मोठा फरक पडतो. हे मीठ हवेतील ओलावा शोषून स्वतःच द्रवरूप होते. साध्या मिठाच्या, म्हणजे सोडियम क्लोराइडच्या बाबतीत हे सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला घडते. समुद्राच्या मिठात सोबत असलेले मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच विरघळू लागते. गोव्याच्या किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी क्वचितच होते. पाऊस नसला, दव पडले नाही, तरीही मीठ बसलेला पत्रा प्रत्यक्षात ओलाच असतो.

यातून एक निष्कर्ष निघतो, जो पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो. मुसळधार पाऊस उघड्या पृष्ठभागावरचे मीठ धुऊन नेतो, पण जिथे वारा पोहोचतो आणि पाऊस पोहोचत नाही अशा जागी मीठ नुसते साठत जाते. बाजू उघड्या असलेल्या मांडवाखाली ठेवलेल्या गाडीचे टप चांगले दिसते, आणि मडगार्डच्या आतल्या बाजू, दरवाज्यांचे तळ, फ्लोअरच्या खालचा पत्रा कुजलेला सापडतो. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळल्याने यात भर पडते, कारण रात्री पत्रा दवबिंदूच्या खाली थंड झाला की आतल्या आत पाणी सुटते आणि त्याला बाहेर जायला वाट राहत नाही. बंद खोली मिळत नसेल, तर श्वास घेणारे सुती आच्छादन आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने गाडीची खालची बाजू धुणे हा बरा मार्ग होय. येथे गोडे हा शब्द शब्दशः घ्यावा. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, किंवा खाडीच्या जवळ असलेल्या विहिरींचे पाणी मचूळ असते आणि त्याने धुणे म्हणजे मीठ पुन्हा लावणे.

जुन्या गाड्यांचा आणखी एक दुबळेपणा त्यांच्या रंगाच्या पद्धतीत आहे. गाडीचा संपूर्ण सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला लेप, चढवण्याची, आज सर्वत्र वापरली जाणारी कॅथोडिक पद्धत १९७०च्या दशकात रुळू लागली. त्यापूर्वीच्या बहुतेक गाड्यांत रंग फवाऱ्याने दिसेल तिथपर्यंत पोहोचला. बंद पोकळ भाग आणि दोन पत्र्यांच्या जोडाची फट यांत तो गेलाच नाही. म्हणून या गाड्या आतून बाहेर गंजतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या काही पट असते, त्यामुळे जोडाच्या फटीत वाढणारा गंज दोन्ही पत्रे फाकवतो आणि बाहेर रंगाला फुगवटा दिसू लागेपर्यंत आतला पत्रा बहुधा चाळणी झालेला असतो. मडगार्डच्या आत साचलेला चिखलही असाच फसवा असतो. चिखलाखाली ऑक्सिजन कमी आणि त्याच्या कडेला भरपूर अशी स्थिती झाली, की ऑक्सिजन कमी असलेली जागा ॲनोड बनते आणि चिखलाआडचे लोखंड विरघळत राहते.

आता गॅरेजमधील नेहमीची पद्धत पाहू. गंज पॉलिश पेपरने घासतात, भोके पडली असतील तेथे पॅच लावतात, त्यावर लांबी (खळगे भरणारी पुट्टी), मग रेड ऑक्साइड प्रायमर, मग रंग. गाडी दिवाळीत चकचकीत दिसते आणि पुढच्या पावसाळ्यात फोड येतात. मेस्त्रीच्या हातात कसब नसते असे मुळीच नाही. घासण्याने खड्ड्याच्या तळाचे क्लोराइड निघत नाही, एवढेच खरे कारण आहे. कोरड्या सँडब्लास्टिंगनेही, म्हणजे हवेच्या दाबाने वाळूचा मारा करूनही, ते पूर्णपणे जात नाही, आणि त्यासाठी किनाऱ्यावरची वाळू वापरली तर ती स्वतःच मीठ घेऊन येते. शिवाय वाळूची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांचा सिलिकोसिस हा असाध्य विकार जडवते, त्यामुळे वाळूचा वापर या कामात नसावाच.

मीठ उरले आहे का, हे तपासण्याची रीत बारावीच्या प्रयोगशाळेत शिकवली जाते. गंजाची थोडी पूड डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून गाळावी, त्यात सौम्य नायट्रिक आम्लाचा थेंब घालून सिल्व्हर नायट्रेटचे काही थेंब टाकावेत. पांढरा गढूळपणा आला तर क्लोराइड आहे. मग तो भाग गरम गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुवावा, वाळूऐवजी दुसऱ्या कणांनी ब्लास्टिंग करावे, पुन्हा धुवावा, झटपट वाळवावा आणि त्याच दिवशी प्रायमर द्यावा.

सुटे भाग असतील तर विद्युत्-अपघटन अधिक परिणामकारक ठरते. प्लास्टिकच्या टाकीत धुण्याच्या सोड्याचे पातळ द्रावण घेऊन गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि भंगारातील साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला जोडतात. गंज सुटा होतो, आणि क्लोराइड ऋणभारित असल्यामुळे भागापासून दूर, पट्टीच्या दिशेने ओढले जाते. पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नये. तिच्यातील क्रोमियमचे कर्करोगकारक संयुग द्रावणात उतरते. क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे. हाच हायड्रोजन कठीण पोलादात शिरून ते ठिसूळ करतो, तेव्हा स्प्रिंग आणि स्टिअरिंगचे बोल्ट या टाकीत घालू नयेत. समुद्रातून काढलेल्या लोखंडी वस्तू वाचवण्यासाठी संग्रहालयांचे तज्ज्ञही हेच तत्त्व वापरतात. १८६४ मध्ये अमेरिकेतील चार्ल्सटनजवळ बुडालेली हनली ही पाणबुडी २००० मध्ये वर काढण्यात आली आणि २०१४ पासून तिला कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवून तिच्यातील क्षार बाहेर काढण्याचे काम वर्षानुवर्षे चालले.

जिथे हात पोहोचत नाही तिथला गंज रासायनिक रीतीने स्थिर करता येतो. फॉस्फरिक आम्ल त्याचे फॉस्फेट बनवते, तर टॅनिक आम्ल निळसर काळे टॅनेट बनवते. हिरडा आणि हिराकस (लोहाचे सल्फेट) यांपासून काळी शाई तयार होते ती याच संयुगामुळे. मात्र खाली क्लोराइड शिल्लक असेल, तर या दोन्ही उपायांचा टिकाऊ लाभ होत नाही.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकतात तेथे खाऱ्या हवेत विशेष लक्ष द्यावे लागते. बुलेटच्या ॲल्युमिनियमच्या केसिंगमधील पोलादी स्क्रू जाम होतात, आणि जुन्या लँड रोव्हरची ॲल्युमिनियमची बॉडी पोलादी सांगाड्याला टेकते तिथे पांढरी भुकटी दिसते. दोन्हींत ॲल्युमिनियम ॲनोड बनून झिजत असते. क्रोमच्या बंपरवर उलट घडते. चकाकणारा क्रोमचा थर मायक्रोमीटरच्या अंशाइतका पातळ असतो आणि खरे संरक्षण त्याखालचे निकेल देते. निकेलला एक छिद्र पडले की उघडे पडलेले इवलेसे लोखंड ॲनोड बनते, सभोवतालचा मोठा मुलामा कॅथोड बनतो, आणि सगळी झीज त्या एका बिंदूवर एकवटते. जस्ताचा थर स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो. क्रोम आणि निकेल तसे करत नाहीत.

इंधनाकडेही पाहिले पाहिजे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता पंपावरचे नेहमीचे पेट्रोल झाले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि टाकीतील पाणी मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, म्हणजे नेमका पेट्रोलच्या नळीच्या तोंडाशी. जुन्या रबराच्या नळ्या त्यात फुगतात. काही जुन्या कार्बोरेटरमधील बुचाच्या फ्लोटवर, म्हणजे पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखणाऱ्या भागावर, लाखेचा लेप असतो. सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात आणि ते स्पिरिट मुख्यतः इथेनॉलच असल्यामुळे हा लेपही सुटतो. मग बूच पेट्रोल पिऊन जड होते आणि कार्बोरेटर वाहू लागतो. इथेनॉलला जळायला हवा कमी लागत असल्याने जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) मिश्रण विरळ होते आणि इंजिन तापते. अनेकदा मुख्य जेट थोडा मोठा बसवावा लागतो. पावसाळ्यापूर्वी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवणे किनाऱ्यावर फार उपयोगी पडते. शिशाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे: १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आणि व्हॉल्व्ह टेकतात त्या सीटना शिशामुळे मिळणारे संरक्षण गेले, तेव्हा इंजिनचे हेड उघडलेच असेल तर कठीण पोलादाच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घ्याव्यात.

एवढे सगळे करताना किती बदलायचे, हा प्रश्न उरतो. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिने स्वीकारलेला ट्यूरिन चार्टर नवे करण्यापेक्षा जतनाला प्राधान्य देतो, आणि मला ते पटते. टिकून राहिलेला मूळ रंग हा पुरावा असतो. डॅशबोर्डखाली एखाद्या लपलेल्या जागी बारीक वॉटर पेपरने गोलाकार घासले, तर एकात एक अशी रंगांची वलये उमटतात आणि सर्वांत आतल्या वलयांत कारखान्याचा रंग व प्रायमर दिसतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनीही मूळ रूपाला महत्त्व दिले आहे: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली आणि मोठा फेरबदल न केलेली खासगी दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. तिच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे असतात, नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, नोंदणी १० वर्षे चालते, आणि गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन व देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते.

व्यावसायिक वाहने या नियमांत बसत नाहीत, त्यामुळे डिचोली आणि सांगे येथील खाणपट्ट्यांतून नदीकाठच्या धक्क्यांपर्यंत खनिज वाहणारे जुने ट्रक जपण्याला कोणतेच उत्तेजन नाही. खाणी बंद पडल्यावर उभे राहिलेले ट्रक भंगारात गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते. किनाऱ्यापासून दूर असल्याने त्यांच्यात मीठ कमी असते आणि चॅसीचे जाड पोलाद टिकते. जाते ती केबिन, कारण तिचा पत्रा पातळ असतो आणि तो ज्या लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो ते लाकूड ओल धरून ठेवते. कंपनी बहुधा केवळ चॅसी विकत असे आणि केबिन स्थानिक कारागीर बांधत, म्हणून तिचे नकाशे कारखान्याच्या कोणत्याही पुस्तिकेत मिळत नाहीत. असा ट्रक कोणी उचललाच, तर एकही खिळा काढण्यापूर्वी केबिनच्या प्रत्येक जोडाचे माप आणि छायाचित्र घ्यावे, लाकूड कोणत्या जातीचे आहे ते सुताराकडून ओळखून लिहून ठेवावे, आणि ती बांधणारे कारागीर हयात असतील तर त्यांना बोलावून काम त्यांच्यासमोर उलगडावे.