इम्प्लांटनंतरचा तिसरा आठवडा

दाताचे इम्प्लांट बसवून घेतल्यावर साधारण आठ-दहा दिवसांत बहुतेक रुग्णांना आपण बरे झालो असे वाटू लागते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग ओसरत जाते, वेदनाशामक गोळ्या सुटतात, टाके निघतात आणि आरशात पाहिले तर हिरडी जवळपास मिटलेली दिसते. आत हाडामध्ये मात्र याच सुमारास सगळ्यात नाजूक काळ सुरू झालेला असतो, आणि तिथे दुखत नसल्यामुळे रुग्णाला त्याची चाहूलही लागत नाही.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा छोटा स्क्रू. जबड्याच्या हाडात त्याच्यापेक्षा किंचित अरुंद छिद्र पाडून तो फिरवत घट्ट बसवतात. पहिल्या दिवशीची त्याची पकड ही भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखी निव्वळ यांत्रिक असते. हाडाने त्याला अजून स्वीकारलेले नसते. शिवाय छिद्र पाडताना कडेचे हाड थोडे चिरडते आणि तापते. हाडाचे तापमान मिनिटभर जरी ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले तरी त्यातल्या पेशींना इजा होऊ लागते, आणि म्हणूनच ड्रिल चालू असताना त्यावर सलाईनची धार सतत सोडलेली असते. इतकी काळजी घेऊनही छिद्राच्या भिंतीचा एक पातळ थर मरतोच. शरीर तो थर पोखरून काढून टाकते आणि त्या जागी नवे हाड घालू लागते, पण जुने जाण्याचा वेग आणि नवे येण्याचा वेग सुरुवातीला जुळत नाही. परिणामी दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या दरम्यान इम्प्लांटची एकूण पकड पहिल्या दिवसापेक्षाही कमी झालेली असू शकते.

टायटॅनियम आणि हाड यांचे हे सख्य लक्षात आले तेही दुसऱ्याच कामात. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनमार्क १९५०च्या दशकात सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणे काम संपल्यावर काढायला गेले, तर ती निघेनात, कारण हाड त्यांना घट्ट चिकटले होते. १९६५मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. खालच्या जबड्यासाठी सुमारे तीन महिने आणि अधिक सच्छिद्र हाडाच्या वरच्या जबड्यासाठी सहा महिने थांबायचे, हा त्यांचा दंडक होता. आजच्या खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटमुळे हा काळ पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत कमी झाला आहे, तरी वाट पाहणे संपलेले नाही. या काळात इम्प्लांट हाडामध्ये मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून थोडे जास्त जरी वारंवार हलत राहिले, तरी त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते, आणि अशा इम्प्लांटला पुढे कॅपचा, म्हणजे त्याच्यावर बसवायच्या कृत्रिम दाताचा, भार पेलत नाही.

पथ्ये या दृष्टीने पाहिली की त्यांचा अर्थ लागतो. पहिल्या दिवशी जोराने चूळ भरू नये, पिचकारी मारून थुंकू नये, स्ट्रॉने पिऊ नये आणि कढत चहा टाळावा, कारण जखमेत साकळलेले रक्त सुटून येता कामा नये. नव्या रक्तवाहिन्या आणि हाडाच्या पेशी त्याच्याच आधाराने आत शिरतात. सुरुवातीला गुरगुट्या भात, पातळ वरण, ताकभात असा मऊ आणि कोमट आहार घ्यावा. दुखणे थांबल्यावरही चकली, शेंगदाणे, ऊस हे पदार्थ त्या बाजूने चावण्याची परवानगी दंतवैद्याकडूनच घ्यावी. पंधरवड्यानंतर रुग्ण नेमका इथेच बेफिकीर होतो.

तंबाखूचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हिरडीला आणि हाडाला रक्त कमी पोहोचते आणि इम्प्लांट अपयशी ठरण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे सिगारेटची चौकशी आवर्जून होते, पण मिसरीची होतेच असे नाही. भाजलेल्या तंबाखूची ही पूड थेट हिरडीवर घासली जाते, आणि ती लावणाऱ्या अनेक स्त्रिया तिला तंबाखूच्या व्यसनात धरत नाहीत. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर देतात. मिसरी लावत असल्यास ते शस्त्रक्रियेपूर्वी सांगितले पाहिजे. त्याचप्रमाणे मधुमेह आटोक्यात नसेल किंवा हाडे ठिसूळ होण्यावरची औषधे चालू असतील, तर तेही सांगितले पाहिजे.

वेदना कमी होत जाण्याऐवजी तीन-चार दिवसांनंतर वाढू लागली, ताप आला, पू दिसला किंवा इम्प्लांट हलल्यासारखे वाटले, तर दिलेल्या तारखेची वाट पाहू नये. भुलीचा अंमल काही तासांत उतरतो. त्यानंतरही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली, तर नसेवर दाब आलेला असू शकतो आणि ते त्याच दिवशी कळवावे.

शेवटी कॅप बसते, तेव्हा काही जण ‘हा दात बाकीच्यांसारखा टेकत नाही’ अशी तक्रार करतात. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. तो चावण्याचा धक्का शोषतो आणि दाबाची जाणीवही करून देतो. इम्प्लांटला हा थर नसतो, ते थेट हाडाशी जोडलेले असते. त्यामुळे पुष्कळ दंतवैद्य त्या कॅपचा समोरच्या दाताशी होणारा स्पर्श मुद्दामच किंचित हलका ठेवतात.