कोड सेन्सरचा, म्हणून सेन्सरच बाद?

सेकंडहँड पोकलेन घेतलेल्या आपल्या कोल्हापूरकडच्या मालकांत एक समज पक्का बसलाय: डिस्प्लेवर ज्या सेन्सरचा कोड, तो सेन्सर गेला. मग उद्यमनगरातून नवा आणायचा, बसवायचा, आणि कोड पुन्हा हजर.

कोड ही फक्त कोणत्या सर्किटमध्ये काय बिघडलंय याची खूण असते. जे-१९३९ (अवजड यंत्रांतल्या कंप्युटरांची ठरलेली भाषा) पद्धतीच्या इंजिनांत एसपीएन, म्हणजे बिघाड कशाचा ते सांगणारा आकडा, १०० असेल तर ऑइल प्रेशर. पुढे एफएमआय, म्हणजे बिघाडाचा प्रकार सांगणारा आकडा, ३ किंवा ४ असेल तर व्होल्टेज प्रमाणापेक्षा जास्त किंवा कमी: तुटलेली वायर, गंजलेली पिन, शॉर्ट, क्वचित सेन्सरही. पण एफएमआय १ असेल तर सेन्सर बहुधा खरंच सांगतोय, प्रेशर धोक्याइतकं उतरलंय. इंजिन ताबडतोब बंद करा आणि साध्या गेजने प्रेशर मोजा. इथे सेन्सर बदलत बसलात तर क्रँकची बेअरिंगं जातील.

व्होल्टेजचा कोड असेल तर प्रेशर सेन्सरचा तीन वायरींचा प्लग काढा. चावी ऑन, इंजिन बंद. पुरवठ्याच्या पिनवर साधारण ५ व्होल्ट हवेत. नसतील तर नवा सेन्सरही तोच कोड दाखवणार. कधी त्याच ५ व्होल्टवरचा दुसराच सेन्सर शॉर्ट असतो. एकेक प्लग काढत गेलं की सापडतो.