लेसर स्कॅनिंग व टूलिंगची उलट अभियांत्रिकी (विमाननिर्मिती)

जिग (ड्रिलला वाट दाखवणारा साचा), फिक्श्चर (काम चालू असताना भाग घट्ट धरणारी चौकट), डाय (दाबून आकार देणारा साचा), फॉर्म ब्लॉक (ज्यावर पत्रा वाकवतात तो ठोकळा) अशा प्रत्यक्ष हाताशी असलेल्या हत्याराचा, म्हणजे टूलिंगचा, आकार लेसरने टिपून त्यावरून त्याचे कॅड मॉडेल (संगणकावरील त्रिमितीय आराखडा) पुन्हा उभे करण्याची पद्धत. ड्रॉइंग हरवलेले असते, किंवा असूनही निरुपयोगी झालेले असते. कारण वर्षानुवर्षे कानस फिरवून, वेल्डिंगचा थर चढवून हत्यार त्यापासून दूर गेलेले असते. जुन्या परिभाषेत स्कॅनिंगला ‘क्रमवीक्षण’ म्हणत. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात ‘स्कॅन मारणे’ म्हटले की पुरते.

संगणकापूर्वी विमानाचे आकार लॉफ्टच्या (आखणीच्या मोठ्या दालनाच्या) जमिनीवर पूर्ण मापात आखत आणि त्यावरून टेम्प्लेट व प्लास्टरचे मास्टर (मूळ नमुने) करत. मास्टर हाच अंतिम पुरावा, कागद दुय्यम. संपूर्णपणे संगणकावर आरेखित झालेले पहिले प्रवासी विमान म्हणून बोईंग ७७७ चा (पहिले उड्डाण १९९४) उल्लेख सामान्यतः होतो. त्याआधीच्या विमानांचे सुटे भाग आजही लागतात, म्हणून जुने टूलिंगही टिकून आहे.

तत्त्व त्रिकोणमापनाचे आहे. लेसरची रेषा पृष्ठभागावर पडते, ठरावीक अंतरावरचा कॅमेरा ती तिरकस पाहतो, आणि पाया (लेसर व कॅमेऱ्यातले अंतर) व कोन माहीत असल्याने प्रत्येक बिंदूचे स्थान निघते. ही कल्पना गेमा फ्रिसियसने १५३३ मध्येच मांडली होती. भारतात तिच्याच आधारे विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजली. मोजणी करत उत्तरेकडे जाताना १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला. लेसर १९६० चा. स्कॅनरचा जनक म्हणून एकच नाव घेणे धाडसाचे ठरेल. तथापि कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील मार्क रियू यांचे १९८४ च्या सुमाराचे काम पायाभूत मानतात.

खरा वाद आहे तो वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेले बिंदुसमूह (प्रत्येक स्कॅनमधून मिळालेले बिंदू) एकमेकांवर बसवण्याच्या रीतीबद्दल. श्रेय बहुधा बेस्ल आणि मॅके यांच्या १९९२ च्या लेखाला जाते. चेन आणि मेडिओनी यांनी मात्र जवळपास तीच कल्पना १९९१ मध्येच परिषदेत मांडली होती. पहिल्या जोडीच्या रीतीत बिंदूची गाठ जवळच्या बिंदूशी घातली जाते, दुसऱ्या जोडीच्या रीतीत तेथील स्पर्शप्रतलाशी (पृष्ठभागाला त्या जागी टेकणाऱ्या सपाट पातळीशी). सौम्य वक्रतेच्या पृष्ठभागांवर दुसरी रीत साधारणतः लवकर जुळते, त्यामुळे श्रेय विभागून देणे अधिक सयुक्तिक वाटते. सपाट प्लेटवर दोन्ही फसतात. प्लेट आपल्याच प्रतलात कुठेही सरकली तरी त्रुटी दिसत नाही. म्हणून टूलिंग बॉल (संदर्भासाठी बसवलेले अचूक गोळे) किंवा चिकटवलेल्या खुणा लागतात.

चकचकीत ॲल्युमिनियमवरून लेसर आरशासारखा परावर्तित होतो, तेव्हा पांढरा डेव्हलपर (पृष्ठभाग निस्तेज करणारी पूड) फवारतात. हात जड पडला की थराची जाडीही मापात शिरते. छिद्रांच्या कडा स्कॅनमध्ये गोलसर येतात; त्यामुळे ड्रिल जिगचे बुश (ड्रिलला वाट देणाऱ्या नळ्या) स्पर्श-प्रोबनेच (टोक टेकवून मोजणाऱ्या साधनानेच) मोजावेत. तापमानाचा हिशेब तर सुटता कामा नये. मापे २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. एप्रिलच्या दुपारी बेळगावच्या शेडमध्ये ३५ अंश असेल, तर ३ मीटरचे ॲल्युमिनियम फिक्श्चर सुमारे १ मिलिमीटर वाढलेले असते, पोलादी त्याच्या निम्म्याने. सगळी धातू एकाच तापमानाला असेल तर दुरुस्ती सोपी; अर्धे फिक्श्चर दारातल्या उन्हात असेल तर सकाळची वाट पाहावी.

स्कॅन हत्यार जसे आहे तसे दाखवतो. ते कसे असायला हवे होते, हे सांगत नाही. पत्रा दाबल्यावर थोडा मागे उसळतो (स्प्रिंगबॅक). त्यामुळे ९० अंशांच्या घडीसाठी फॉर्म ब्लॉक मुद्दाम ८७ अंशांचा केलेला असू शकतो. ती ‘चूक’ समजून मॉडेलमध्ये ९० केले, तर पहिलाच भाग उघडा पडतो. बेळगावच्या फाउंड्रीतील पॅटर्नवाल्याला (ओतकामाचा नमुना करणाऱ्याला) हे शिकवावे लागत नाही: थंड होताना बीड आकसते, म्हणून बिडाच्या ओतकामासाठी त्याची पट्टीच मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर वाढीव असते, आणि पॅटर्नवर मापलेली लांबी तो वस्तूची लांबी समजत नाही. झीज कोणती आणि हेतुपुरस्सर ठेवलेला फरक कोणता, हे ठरवताना ब्लॉकसोबत त्यावर निघालेला एखादा मान्य भागही स्कॅन करून पाहणे इष्ट. दोन्ही ठिकाणी सारखीच आढळणारी खोली बहुधा डिझाइनची असते. ब्लॉकच्या फक्त एका कडेला दिसणारी बहुधा घर्षणाची.

बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) जिल्ह्यात ओतकाम व यंत्रकामाची परंपरा उद्यमबाग परिसरात जुनी आहे. हुक्केरी तालुक्यातील हत्तरगी येथे एकस कंपनीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात २००९ च्या सुमारापासून विमानांच्या भागांचे यंत्रकाम होत आले आहे. फोर्जिंग व पृष्ठप्रक्रियेचीही तेथेच सोय झाली.

विमानउद्योगातील टूलिंग बहुधा पुरवठादाराचे नसते, ग्राहकाच्या मालकीचे असते. तेव्हा स्कॅन घेण्याआधी लेखी संमती आणि मिळालेली फाइल कोणाची, हे दोन्ही ठरवून घ्यावे लागते.